गोदामात मेझानिन उभारण्याची परवानगी : पात्रता, कागदपत्रे आणि फरशीपाशी अडणारे अर्ज

गोदामात जागा अपुरी पडू लागली की लोखंडी खांबांवर मधला मजला, म्हणजेच मेझानिन, उभारून उंचीचा उपयोग करून घ्यावा हा विचार योग्यच आहे. मात्र त्यासाठी केलेले अर्ज वारंवार त्रुटी काढून परत येतात आणि त्रुटीचे मूळ बहुतेक वेळा मेझानिनच्या नकाशात नसून त्याच्या खालच्या फरशीत असते. अर्जदार मेझानिनचे आरेखन पुरवठादाराकडून घेतो, फरशीचे काम दुसऱ्याच ठेकेदाराला देतो आणि या दोहोंचा परस्परसंबंध दाखवणारा एकही कागद फाइलमध्ये नसतो. मंजुरी देणाऱ्या अभियंत्याला नेमका तोच कागद हवा असतो.

तपशील स्थानिक नियमावलीप्रमाणे बदलतात, पण अर्जाचा सांगाडा जवळपास सगळीकडे सारखाच आहे.

परवानगी लागते का आणि पात्रता काय

‘हे बोल्टांनी जोडलेले आहे, केव्हाही सुटे करता येते, त्यामुळे परवानगीची गरज नाही’ असे विक्रेते सर्रास सांगतात. ज्यावर माणसे चालणार आणि माल राहणार आहे, ते बांधकाम बोल्टचे असो वा वेल्डिंगचे, त्याकडे संरचना म्हणूनच पाहिले जाते. रॅकच्या आधारावर टाकलेल्या चालण्याच्या पट्ट्यांबाबतही, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न राहता, स्थानिक बांधकाम विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे.

पात्रतेची पहिली कसोटी क्षेत्रफळाची आहे. आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार (इंटरनॅशनल बिल्डिंग कोड) मेझानिनचे क्षेत्रफळ सर्वसाधारणपणे ते ज्या दालनात आहे त्याच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक नसावे; अनेक देशांच्या नियमावल्यांत हेच प्रमाण आढळते. येथे एक बारकावा हमखास सुटतो. दालनाचे क्षेत्रफळ मोजताना त्यातील बंद केलेली कार्यालये व खोल्या वगळायच्या असतात. अर्जदार संपूर्ण गोदामाचे क्षेत्रफळ धरून एक-तृतीयांश काढतो आणि मेझानिन मर्यादेबाहेर जातो. मर्यादा ओलांडली की तो मेझानिन न राहता स्वतंत्र मजला ठरू शकतो, आणि मग इमारतीचे एकूण क्षेत्रफळ, जिने, अग्निरोधकता असे सगळेच प्रश्न नव्याने उभे राहतात.

दुसरी कसोटी उंचीची. त्याच संहितेत मेझानिनच्या वर आणि खाली किमान सात फूट, म्हणजे सुमारे २.१३ मीटर, मोकळी उंची मागितली आहे. ही उंची छताच्या सर्वोच्च टोकापर्यंत न मोजता सर्वांत खाली आलेल्या तुळईपर्यंत, नळापर्यंत किंवा दिव्यापर्यंत मोजावी. शिवाय वरच्या मजल्यावर माल रचणार असाल, तर मालाचा माथा आणि स्प्रिंकलर (आग लागल्यास पाणी फवारणारी तोटी) यांमध्ये साधारणतः किमान ४५० मिलिमीटर अंतर लागते. काही प्रकारच्या स्प्रिंकलरना त्याच्या दुप्पट. हे अंतर वजा केल्यावर उरणारी उंची पुष्कळदा निराशाजनक असते, म्हणून हा हिशेब अर्जाआधी करावा.

जो कागद कोणाकडेच नसतो

अर्जासोबत जागेच्या मालकीचा पुरावा किंवा भाडेकरार, भाड्याची जागा असल्यास मालकाचे लेखी संमतीपत्र, इमारतीचा मंजूर नकाशा, मेझानिनची आरेखने आणि अग्निशमन विभागाचा अभिप्राय लागतो. एवढी कागदपत्रे जमतात. अडते ते ‘अस्तित्वातील स्लॅबचा’, म्हणजे गोदामाच्या फरशीच्या काँक्रीट थराचा, ‘तपशील’ या ओळीवर : स्लॅबची जाडी, काँक्रीटचा दर्जा, सळ्या, सांध्यांच्या जागा आणि स्लॅबखालच्या भरावाची माहिती. जुन्या गोदामांचे असे नकाशे मालकाकडे नसतात, मूळ ठेकेदाराचा ठावठिकाणा नसतो, आणि ज्या कार्यालयाने ते एकेकाळी मंजूर केले तेच कार्यालय आपल्या अभिलेखात शोधण्याऐवजी अर्जदाराकडे मागते. हा त्रास अन्याय्य आहे, पण अर्जदाराला त्यातून मार्ग काढावाच लागतो.

विभाग ही माहिती का मागतो, हे एका हिशेबावरून कळेल. खांब दोन्ही दिशांना ६ मीटर अंतरावर आहेत आणि मेझानिनवर दर चौरस मीटरला ५०० किलो माल ठेवायचा आहे असे समजा. मधल्या एका खांबाच्या वाट्याला ३६ चौरस मीटर क्षेत्र, म्हणजे मेझानिनचे स्वतःचे वजन न धरताच १८ टन भार येतो. खांबाखालची बेस प्लेट ३० सेंटिमीटर चौरस आणि स्लॅब १५ सेंटिमीटर जाडीचा असेल, तर भार ४५ अंशांत पसरतो असे धरून जमिनीपाशी तो ६० सेंटिमीटर चौरसावर येतो. म्हणजेच दर चौरस मीटरला ५० टन. सामान्य मातीची सुरक्षित धारणक्षमता कितीतरी वेळा १० ते २० टनांच्या आसपास असते. फोर्कलिफ्ट वर्षानुवर्षे विनातक्रार फिरत असलेली फरशी खांबाखाली मात्र खचू किंवा तडकू शकते, ती यामुळे. अशा वेळी मोठी बेस प्लेट, खांबांमधील कमी अंतर किंवा स्लॅब कापून स्वतंत्र पाया असे पर्याय अभियंत्याने आरेखनात दाखवावे लागतात.

मूळ नकाशे नसतील, तर ‘उपलब्ध नाहीत’ एवढे लिहून फाइल देऊ नये. ती परत येणार हे नक्की. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅबमधून कोअर (काँक्रीटचे दंडगोलाकार नमुने) काढून घ्यावेत, सळ्यांचा शोध स्कॅनरने घ्यावा आणि निदान एका ठिकाणी खड्डा घेऊन भराव पाहावा. दाबक्षमतेसाठी किमान तीन कोअर घेण्याची प्रथा आहे, आणि ते खांब जेथे येणार आहेत त्याच भागातले असावेत. दाराजवळच्या सोयीच्या कोपऱ्यातून काढलेले नमुने अमान्य झाले, तर दोष विभागाला देता येणार नाही.

आणखी एक ठरलेली चूक एककांची आहे. पुरवठादाराच्या पत्रकात भार किलोमध्ये असतो, तर अर्जाच्या नमुन्यात किलोन्यूटन असू शकतात. दर चौरस मीटरला ५०० किलो म्हणजे सुमारे ५ किलोन्यूटन. त्या रकान्यात ५०० लिहिले की अर्ज तपासणीतच अडकतो.

फरशी कोणती आणि केव्हा

खालच्या मजल्यावर फोर्कलिफ्ट आणि हातगाड्या चालणार असतील, तर हार्डनर (पृष्ठभाग कठीण करणारे मिश्रण) घातलेली घोटीव काँक्रीटची फरशी बहुधा पुरेशी ठरते. टाइल्स कडक चाकांखाली सांध्यांपाशी फुटतात. इपॉक्सी या रेझिनच्या लेपाची गुळगुळीत फरशी धूळ धरत नाही, पण तिला कोरडा स्लॅब लागतो. नवे काँक्रीट सहसा किमान २८ दिवसांचे असावे, आणि तेवढ्या दिवसांत ते कोरडे झालेच असेल असे नाही. ओलावा पृष्ठभागावर हात ठेवून कळत नाही. एका बाजूने वाळणाऱ्या स्लॅबमध्ये तो जाडीच्या ४० टक्के खोलीवर छिद्र पाडून मोजतात. पाणी सांडणाऱ्या किंवा शीतगृहाच्या भागात पॉलियुरेथेन काँक्रीट अधिक टिकते. घसरणरोधाचा अहवाल मागितला गेल्यास उत्पादकाचे प्रमाणपत्र जोडावे.

कामाचा क्रम मात्र चुकवू नये. आधी पाया व खांब, मग खांब फरशीला जखडणाऱ्या अँकर बोल्टांची तपासणी, आणि शेवटी लेप. उलट केल्यास ड्रिलिंगने लेप फुटतो, आणि तपासणी अधिकाऱ्याला बोल्ट किती खोल गेले आहेत हे दाखवण्यासाठी तो पुन्हा उकरावा लागतो.

मेझानिनच्या वरच्या तळासाठी लाकडी फळी, चेकर्ड प्लेट (उंचवट्यांची नक्षी असलेला लोखंडी पत्रा) की जाळी, हा प्रश्न अग्निशमन विभागाकडे जातो. जाळीतून पाणी खाली जाते म्हणून खाली स्प्रिंकलर नकोत, हा युक्तिवाद चालत नाही, कारण जाळीवर माल ठेवताच पाणी अडते.

मुदतीचा चुकीचा अर्थ

मंजुरीची मुदत पत्र हाती पडल्यापासून धरली जाते असा समज आहे. सहसा ती पत्रावरील तारखेपासून मोजली जाते. काही नियमावल्यांत १८० दिवसांत काम सुरू न झाल्यास परवाना रद्द होतो, आणि लोखंडाची ऑर्डर देणे म्हणजे काम सुरू होणे नव्हे. त्रुटीपत्राच्या उत्तराची मुदत वेगळी असते. ‘माहिती अपुरी’ एवढेच लिहिलेले त्रुटीपत्र आले, तर मुदत संपण्याची वाट न पाहता कोणती माहिती अपुरी आहे हे लेखी विचारावे आणि पोच घ्यावी. असे मोघम पत्र पाठवणाऱ्याला काही सोसावे लागत नाही. थांबलेल्या महिन्यांचे भाडे अर्जदार भरतो. म्हणूनच कळकळीची विनंती आहे की मंजुरी हाती येईपर्यंत लोखंडासाठी परत न मिळणारी आगाऊ रक्कम देऊ नये.

काम संपल्यावर अभियंत्याचा दाखला, कठड्यांची व जिन्यांची तपासणी आणि पूर्णत्वाचा दाखला या पायऱ्या उरतात. पूर्णत्वाचा दाखला मिळण्यापूर्वी वर माल चढवू नये. दाखल्याची प्रत विमा कंपनीला पाठवावी आणि मंजूर भाराची पाटी जिन्याच्या पायथ्याशी, माल चढवणाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत आणि किलोमध्ये लावावी.