केवढ्याला घेतलं आणि केवढ्याला पडलं

नवीन काही घेतलं की लोक दोन प्रश्न विचारतात, एक "केवढ्याला घेतलं?" आणि दुसरा "केवढ्याला पडलं?", आणि आपण दोन्हीला तोच आकडा ठोकून देतो. मीपण कित्येक वर्षं हेच करत होतो. पण नीट ऐकलं तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घेतलं म्हणजे काउंटरवर मोजलेले पैसे, विषय तिथेच संपला. पडलं म्हणजे ती वस्तू घरात आल्यापासून भंगारात जाईपर्यंत तिने एकूण किती खाल्लं आणि त्या बदल्यात किती काम दिलं. पहिली झाली किंमत, दुसरं मोल. गंमत म्हणजे बोलताना आपण दोन्हीकडे किंमत हाच शब्द वापरतो, "माझ्या शब्दाला काही किंमतच नाही" म्हणताना कोणी टॅग बघत नसतं, त्यामुळे घोळ बहुतेक तिथूनच सुरू होतो.

माझा घोळ एका पाठीवरच्या बॅगेने सोडवला. सगळ्यात स्वस्त होती ती घेतली, खूश होतो, सहा-सात महिन्यांनी चेन लावली की रनर पुढे जायचा आणि त्याच्या मागे चेन परत उघडी. दात सगळे शाबूत होते, एकही तुटला नव्हता, म्हणजे दोष चेनचा नव्हताच, रनर मऊ धातूचा होता आणि रोजच्या ओढाओढीत त्याचं तोंड जरासं फाकलं होतं, त्यामुळे दोन्हीकडचे दात एकमेकांत दाबून बसतच नव्हते. पक्कड घेऊन रनरच्या दोन्ही कडा हलकेच आवळल्या, चालायला लागली. मग दर महिन्याला आवळायचो. एक दिवस जरा जास्त जोर लागला आणि रनरचे दोन तुकडे हातात आले. दुसरी बॅगही तसलीच घेतली (माणूस लवकर शिकत नाही), तिचा पट्टा शिवणीतून सुटला. तिसरीचं काय झालं ते सांगत बसत नाही. दोन वर्षांत तीन बॅगा. चौथी घेतली ती अडीचपट किमतीची आणि तिला पाच वर्षं होऊन गेली. आता हिशोब करा, एका स्वस्त बॅगेची किंमत एक धरली तर पहिल्या तिघी वर्षाला दीड पडल्या आणि ही चौथी वर्षाला अर्धी. म्हणजे ज्याला मी काटकसर म्हणत होतो ती मला तिप्पट भावाने पडत होती!

पण यावरून लगेच "महाग घ्या, एकदाच घ्या" असं म्हणणारे जे लोक असतात ना, त्यांच्याशीपण माझं जमत नाही. त्याच दुकानात चौथीच्या दुप्पट किमतीची एक बॅग होती, नावाजलेला लोगो, आणि रनर बघितला तर माझ्या पहिल्या बॅगेसारखाच मऊ. वरचे पैसे लोगोचे होते. किंमत जास्त म्हणजे मोल जास्त असं काही नसतं, आणि कमी म्हणजे कमी असंही नसतं, दोघांचा संबंध असला तर तो वस्तू हातात घेऊन, पट्टा जिथे शिवलाय तिथे बोटाने ओढून बघितल्यावरच कळतो.

दिव्याचा हिशोब सगळ्यात सरळ आहे म्हणून तो सांगतो. जुना तारेचा ६० वॅटचा बल्ब साधारण १००० तास जळतो. तेवढाच उजेड ९ वॅटच्या आसपासचा एलईडी देतो आणि बरा असेल तर १५,००० तास चालतो. म्हणजे १५,००० तासांच्या उजेडासाठी एकीकडे १५ बल्ब आणि ९०० युनिट वीज, दुसरीकडे एक दिवा आणि १३५ युनिट. तुमच्याकडे विजेचा दर काहीही असो, निकाल बदलत नाही. पण हाच हिशोब माळ्यावरच्या दिव्याला लावून बघा, जिथे महिन्यातून दहा मिनिटं दिवा लागतो. वर्षाचे झाले दोन तास. तिथे तारेचा बल्ब कागदावर ५०० वर्षं पुरेल, चांगला चालू आहे तर काढून कशाला टाकायचा. वस्तू त्याच, किंमत तीच, फक्त वापर बदलला आणि मोल उलटंपालटं झालं.

प्रिंटरचं तर विचारूच नका. शाईवाला छोटा प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि मग कार्ट्रिज घ्यायला गेलं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर तो बरेच दिवस वापरला नाही तर शाई तोंडाशी वाळते, मग मशीन स्वतःला साफ करायला तुमचीच शाई ओतते, म्हणजे एक पान न छापता शाई संपली.

आता "दर वापराला किती पडलं" हा भागाकार फार लोकांना आवडतो, मलापण आवडतो, पण त्यात एक चोरवाट आहे. भागायचा आकडा आपण स्वतःच ठरवतो. व्यायामाचं मशीन घेताना माणूस मनात रोज सकाळी अर्धा तास धरतो, वर्षाचे ३६५ दिवस, दहा वर्षं, आणि म्हणतो अरे हे तर फुकटच पडतंय. प्रत्यक्षात दुसऱ्या महिन्यापासून त्यावर टॉवेल वाळत असतात. ड्रिल मशीनचं तसंच, भिंतीला चार भोकं पाडायची असतात आणि त्यासाठी आयुष्यभराचं मशीन येतं. शेजाऱ्याचं मागून आणलेलं ड्रिल हे जगातलं सगळ्यात परवडणारं ड्रिल आहे, फक्त वेळेत आणि बिटसकट परत करायचं. माझा नियम असा की वापराचा आकडा मागच्या वर्षावरून धरायचा, पुढच्या वर्षाच्या स्वप्नावरून नाही.

सेलमध्ये तर किंमत आणि मोल यांची सरळ अदलाबदल होते. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलं होतं की खरेदीत दोन सुखं असतात, एक त्या वस्तूचं आणि दुसरं सौदा जमल्याचं. दुसरं सुख घरी येईपर्यंत टिकतं, पण त्यासाठी आणलेली वस्तू पुढे वर्षानुवर्षं कपाटात पडून राहते. खोडलेला मोठा आकडा बघितला की खालचा आकडा आपोआप छोटा वाटतो, मग ती वस्तू आपल्याला हवीच नव्हती हे आठवत नाही. ५० टक्के आणि वर २० टक्के म्हणजे ७० नव्हे, ६०च टक्के सूट, कारण दुसरी सूट उरलेल्या अर्ध्यावर मिळते. तीनवर एक फ्री म्हणजे २५ टक्के, तेसुद्धा चौथ्याचा उपयोग असेल तरच. अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ मध्येच कोडं घातलं होतं की पाण्यावाचून चालत नाही तरी ते स्वस्त आणि हिऱ्यावाचून सहज चालतं तरी तो महाग, असं का? १८७० च्या दशकात जेव्हन्स, मेंगर आणि वालरास या तीन अर्थशास्त्रज्ञांनी आपापल्या जागी स्वतंत्रपणे त्याची उकल केली, की मोल सगळ्या पाण्याचं मिळून ठरत नाही, पुढच्या एका पेल्याचं किती ते बघायचं. पहिली छत्री पावसात तुम्हाला वाचवते. चौथी फक्त दाराआड उभी राहते, मग ती फ्री का असेना.

आणि जिथे स्वस्तच बरोबर आहे तिथे उगाच शहाणपणा करू नये. भिंतीवरच्या घड्याळाला इतका कमी करंट लागतो की साधा झिंकवाला सेल आरामात काम करतो, अल्कलाइन तिथे वाया, तो मोटर फिरवणाऱ्या खेळण्यात घाला. टीव्हीची छोटी एचडीएमआय केबल सोन्याचा मुलामा देऊन महाग विकतात पण सिग्नल डिजिटल आहे, केबल धड असेल तर चित्र तेच दिसणार. चार्जरमध्ये मात्र मी पैसे वाचवत नाही, तिथे वाईट निघाला तर नुसता चार्जर जात नाही. स्क्रूड्रायव्हरमध्येपण नाही, टोक मऊ असेल तर ते घसरून स्क्रूची खाच खाऊन टाकतं, मग तो स्क्रू कशानेच निघत नाही आणि आपण स्वस्त हत्याराचे पैसे दुसऱ्याच वस्तूत भरत बसतो.

एक गोष्ट मात्र या हिशोबवाल्यांच्या (माझ्यासकट) लक्षात राहत नाही. अडीचपट पैसे एकदम खिशात असावे लागतात. ज्याच्याकडे आज एका स्वस्त बॅगेपुरतेच आहेत आणि उद्यापासून बॅग लागणारच आहे, त्याला पाच वर्षांचा भागाकार सांगून काय उपयोग, तो चुकत नाहीये, त्याच्याकडे दुसरा पर्यायच नाही. त्यातल्या त्यात सुटका म्हणजे जुनी पण चांगली वस्तू, किंवा दुरुस्ती.

दुरुस्तीवरून आठवलं, चौथ्या बॅगेचा रनरही शेवटी सैल झालाच. या वेळी पक्कड नाही काढली, शिवणकाम करणाऱ्याकडे नेली, त्याने चेनचं एक टोक जरा उसवलं, जुना रनर काढला, नवा ओवला, टोक परत शिवलं, सगळं मिळून दहा मिनिटं. म्हणजे त्या पहिल्या बॅगेची चेनही वाचली असती, मीच तिला फेकून दिली. तिथे बसलेल्या एकाने विचारलं, छान आहे, केवढ्याला पडली? मी सवयीने घेतल्याचा आकडा सांगितला. खरं तर पडली केवढ्याला ते अजून सांगता येत नाही, रोज पाठीवर आहे ती.