युद्धामुळे विमान रद्द झाल्यास तिकिटाचा परतावा कसा मागावा

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षामुळे उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीसाठी बंद होते, आणि त्याच वर्षी २३ जूनला कतारने आपले हवाई क्षेत्र काही तास बंद ठेवले. आपला बेळगावचा सांबरा विमानतळ त्या ३२ मध्ये नव्हता. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून मुंबई किंवा गोव्यामार्गे आखातात कामाला जाणाऱ्यांची तिकिटे अडकली, आणि हक्क असूनही अनेकांचे परताव्याचे अर्ज फेटाळले गेले.

पहिली चूक सर्वांत महागात पडते. बातम्या पाहून घाबरलेला प्रवासी विमान कंपनीने काही जाहीर करण्याआधीच स्वतः तिकीट रद्द करतो. असे रद्दीकरण प्रवाशाच्या इच्छेने झालेले धरले जाते आणि नेहमीचे शुल्क कापले जाते. दोन दिवसांनी तेच विमान रद्द झाले तरी कापलेली रक्कम सहसा परत येत नाही. म्हणून, प्रवास टाळायचे मनात ठरले असले तरी कंपनीच्या संकेतस्थळावर विमानाची स्थिती पाहत राहावे आणि शक्य तितके थांबावे, मात्र सुटण्याची वेळ टळू देऊ नये. कंपनीने विमान रद्द केल्यास पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांतून निवड करण्याचा हक्क प्रवाशाला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार ही रक्कम कंपनीकडे पुढील प्रवासासाठी जमा ठेवायची की नाही, हेही प्रवाशानेच ठरवायचे असते. त्यामुळे ‘रक्कम जमा ठेवा’ या पर्यायावर घाईने बोट ठेवू नये.

अनेकदा कंपन्या विमाने चालू असतानाही शुल्कमाफी जाहीर करतात. त्या सूचनेत दोन तारखा असतात: तिकीट कोणत्या तारखेपर्यंत काढलेले असावे, आणि प्रवास कोणत्या तारखांमधला असावा. लोक एकच तारीख वाचतात आणि दुसरीमुळे अर्ज नाकारला जातो. माफी फक्त तारीख बदलण्यासाठी आहे की पैसे परत घेण्यासाठीही, हेही नीट वाचावे.

आपल्या भागातील खरी अडचण मात्र जोडतिकिटांची आहे. बेळगावहून मुंबईचे तिकीट एका कंपनीचे आणि मुंबईहून दुबईचे दुसऱ्या कंपनीचे, असे दोन वेगळ्या पीएनआरवर (म्हणजे आरक्षण क्रमांकांवर) काढले असेल, तर दुबईचे विमान रद्द झाले म्हणून मुंबईच्या तिकिटाचा पूर्ण परतावा मागता येत नाही, कारण ते विमान ठरल्याप्रमाणे उडणार असते. ज्याने कर्ज काढून दोन्ही तिकिटे घेतली, त्याला हे समजावून सांगणे फार जड जाते. शक्य असेल तेव्हा संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर घ्यावा. तसे नसल्यास पहिल्या तिकिटावरील वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क तरी मागावे; भाडे परत न मिळणारे असले तरी ही रक्कम देण्याचा नियम आहे आणि ती मागायचे बहुतेकांना सुचतच नाही.

कागदपत्रांत ई-तिकीट, ओळखपत्राची प्रत, पैसे भरल्याचा पुरावा आणि विमान रद्द झाल्याचा संदेश लागतो. हा शेवटचा कागदच कुणाकडे नसतो, कारण तिकीट काढताना एजंटाने स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल घातलेला असतो. संदेश त्याच्याकडे जातो, कित्येकदा रक्कमही त्याच्याच खात्यावर जमा होते, आणि प्रवाशाला ‘कंपनीने अजून पैसे दिले नाहीत’ एवढेच ऐकवले जाते. तिकीट काढतानाच आपला क्रमांक घालण्याचा आग्रह धरावा आणि एजंटाकडून पावती घ्यावी. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही नियमाने विमान कंपनीवरच असते, तेव्हा ‘एजंटाला विचारा’ हे कंपनीचे उत्तर मान्य करू नये. परदेशी कंपनी असेल तर मात्र परतावा तिच्या देशाच्या नियमांप्रमाणे होतो.

परतावा आणि नुकसानभरपाई एकाच अर्जात मागू नये. युद्ध, दंगल किंवा सरकारी आदेश अशा असाधारण कारणाने विमान रद्द झाल्यास भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर नाही. पण तेवढ्याने परतावा नाकारता येत नाही. दोन्ही मागण्या एकत्र केल्या की ‘असाधारण परिस्थिती’ असे एका ओळीचे उत्तर येते आणि हक्काची रक्कमही रखडते. हे वारंवार घडते आणि ते अन्यायाचे आहे.

कंपनी दाद देत नसेल तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवावी, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलावे. तेथे मराठीतूनही बोलता येते. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. एजंट कोल्हापूरचा किंवा कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे बेळगावकराने महाराष्ट्रात खेपा घालण्याचे कारण नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास आयोगाचे शुल्क लागत नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, आणि कंपनीशी नुसता पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप वाढत नाही.