कॉलममध्ये कोणतं गाव किती वेळा? मोजणीच्या दोन रीती आणि त्यांचा इतिहास

बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या पतसंस्थेची किंवा दूध सोसायटीची सभासद यादी घ्या आणि गावाच्या कॉलमवर मोजणी लावा. एकाच शहराचे तीन-चार वेगळे आकडे समोर येतात. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, शिवाय कुणीतरी रोमन लिपीत टाकलेलं बेलगाम. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी नाव बदललं, म्हणून जुने अर्ज एका नावाने आणि नवे दुसऱ्या नावाने. निपाणी-निप्पाणी आणि खानापूर-खानापुर हे तर रोजचंच. नावं कन्नड कागदांवरून मराठी यादीत उतरवली की त्यात आणखी भर पडते. सूत्र बरोबर असतं, तरी उत्तर चुकतं. हे का होतं ते नीट समजायचं, तर मोजणीच्या दोन जुन्या रीतींकडे जावं लागतं, कारण आजच्या एक्सेलमध्ये त्या दोन्ही शेजारी शेजारी नांदतात.

पहिली रीत आधी यादी करण्याची. शाळेत वारंवारता सारणी करताना आपण डाव्या बाजूला नावं लिहून ठेवतो आणि समोर ताळ्याच्या खुणा मारतो: चार उभ्या रेघा, पाचवी त्यांना छेदणारी. काम झपाट्याने होतं, पण यादीत नसलेलं नाव आलं तर त्याला जागाच नसते. दुसरी रीत आधी वाटणी करण्याची. व्यापारी कीर्दीत व्यवहार तारखेच्या क्रमाने लिहितो आणि मग खतावणी घालतो. ज्याचं नाव येईल त्याच्या खात्यावर नोंद जाते, नवं नाव आलं की नवं खातं उघडतं. इथे नावांची यादी नोंदींतूनच तयार होते.

या दुसऱ्या रीतीचा सर्वांत मोठा प्रयोग जनगणनेत झाला. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता त्या काळात, १९०१ च्या जनगणनेत, बव्हेरियात वापरलेली चिठ्ठी पद्धत हिंदुस्थानात आली. प्रत्येक माणसाची माहिती एका छोट्या चिठ्ठीवर उतरवायची, धर्म कागदाच्या रंगावरून ओळखायचा, मग चिठ्ठ्यांचे गठ्ठे पाडायचे आणि गठ्ठा मोजायचा. आधी भाषेप्रमाणे वाटलेल्या चिठ्ठ्या पुन्हा एकत्र करून व्यवसायाप्रमाणे वाटता येत. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे कॉलमांची शीर्षकं ओढून सारांश काढणाऱ्या तक्त्यात, एक शीर्षक काढून दुसरं ओढतो तेव्हा नेमकं हेच घडतं.

मोजणीचा घटक कोणता धरायचा, हा प्रश्न सीमाभागाला कुणी शिकवायला नको. मातृभाषेचा तोच कॉलम गाववार मोजला तर एक चित्र दिसतं आणि तालुकावार मोजला तर दुसरं. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही महाराष्ट्राच्या मागणीची सूत्रं. म्हणूनच महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानंतरचा वादही गावांच्या याद्यांभोवती फिरत राहिला. टेबलात ओळींच्या जागी काय ठेवायचं, हा निर्णय मोजणीइतकाच वजनदार आहे.

यंत्राने मोजणी सुरू झाली ती अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत. हर्मन हॉलरिथच्या यंत्रात माणसामागे एक भोकं पाडलेलं कार्ड असे. कामगार ते दाबपट्टीखाली ठेवून दांडा खाली ओढायचा. जिथे भोक असेल तिथून टाचणी खालच्या पाऱ्याच्या वाटीत शिरायची, विद्युतमंडल पूर्ण व्हायचं आणि समोरच्या ४० तबकड्यांपैकी ठरलेल्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरकायचा. कार्ड नीट वाचलं गेलं की घंटा वाजायची. सोबतच्या वर्गीकरण पेटीत योग्य कप्प्याचं झाकण उघडायचं आणि कार्ड त्यात टाकलं जायचं. तबकडी म्हणजे पहिली रीत, पेटी म्हणजे दुसरी. दोन्ही एकाच टेबलावर!

स्प्रेडशीटमध्ये मात्र मोजणी उशिरा रुजली. १९७९ च्या व्हिसीकॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधलं काउंट फंक्शन किती सेल भरले आहेत एवढंच सांगायचं. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ मध्ये वारंवारता काढायची आज्ञा होती. गटांच्या सीमा द्यायच्या, शेजारच्या कॉलममध्ये आकडे पडायचे. पण ते आकडे तिथेच गोठायचे, मूळ माहिती बदलली की आज्ञा पुन्हा द्यावी लागे. शब्दांसाठी जाणत्यांची युक्ती वेगळी होती: कॉलम क्रमाने लावायचा, शेजारी सूत्र घालायचं की वरचा सेल सारखा असेल तर मागच्या आकड्यात एक मिळव, नसेल तर एकपासून सुरू कर. ती पडद्यावरची गठ्ठेवाटणीच होती.

१९९१ मध्ये लोटसच्याच इम्प्रूव्ह या प्रोग्रॅमने शीर्षकं ओढून तक्ता फिरवण्याची कल्पना आणली आणि १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये ती पिव्होट टेबल म्हणून घरोघरी गेली. २००७ मध्ये ओळींची मर्यादा ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाली आणि एकाहून जास्त अटी घेणारं काउंटइफ्स आलं. पुढे युनिक फंक्शन आलं, तेव्हा नावांची यादी सूत्रानेच निघू लागली.

आता नेहमीच्या चुकांचं मूळ दिसतं. दिलेल्या अटीत बसणारे सेल मोजणारं काउंटइफ फंक्शन पहिल्या रीतीचं आहे, ते विचारलेलंच मोजतं. यादीत बेळगांव नसेल तर त्या ओळी कुठेच दिसत नाहीत आणि इशाराही मिळत नाही. म्हणून सगळ्या आकड्यांची बेरीज काउंटएने काढलेल्या भरलेल्या सेलच्या संख्येशी जुळवून पाहायची. फरक असेल तर तेवढ्या नोंदी निसटल्या. सूत्र खाली ओढताना कक्षेला, म्हणजे मोजायच्या सेलच्या पट्ट्याला, डॉलरची खूण नसेल तर कक्षाही खाली घसरते आणि वरच्या ओळी गळत जातात. शिवाय काउंटइफ पंधरा आकड्यांपुढची संख्या ओळखत नाही. मजकूर म्हणून साठवले असले तरी पहिले पंधरा आकडे सारखे असलेले दोन सोळा आकडी खाते क्रमांक ते एकच धरतं.

दुधाच्या फॅटसारख्या आकड्यांसाठी फ्रिक्वेन्सी फंक्शन बरं. ३.५, ४.० आणि ४.५ अशा तीन सीमा दिल्या की चार उत्तरं मिळतात: ३.५ पर्यंत, त्यापुढे ४.० पर्यंत, त्यापुढे ४.५ पर्यंत, आणि उरलेले. मात्र मजकूर म्हणून साठवलेले आकडे ते सरळ वगळतं.

पिव्होट टेबल दुसऱ्या रीतीचं, त्यामुळे चुकीची स्पेलिंगंही लपत नाहीत. गावनावांसाठी पहिलं पाऊल तेच असावं, असं आमचं ठाम मत आहे. दोन गोष्टी सांभाळायच्या. माहिती बदलल्यावर एक्सेलच्या बहुतेक आवृत्त्यांत रिफ्रेश केल्याशिवाय आकडे बदलत नाहीत. आणि तोच गावाचा कॉलम मोजायला ठेवला तर रिकाम्या सेलची संख्या दिसत नाही, म्हणून मोजायला सभासद क्रमांकासारखा कायम भरलेला कॉलम घ्यावा.

दिसायला सारखी पण वेगळी पडलेली नावं सेलमधली चिन्हं मोजणाऱ्या लेन फंक्शनने तपासावीत. बेळगाव या शब्दाची लांबी ६ येते, बेळगांवची ७. पण बेळगावच्या मागे एक स्पेस राहिली तरी ७ च येते. ती स्पेस ट्रिम फंक्शन काढतं, मात्र वेबपेजवरून आलेली न तुटणारी स्पेस त्याला काढता येत नाही, तिथे एका चिन्हाच्या जागी दुसरं घालणारं सबस्टिट्यूट लागतं. इंग्रजी शब्दांतला ॲ एका चिन्हात टाइप केला तर लांबी १, अ वर चंद्र देऊन केला तर २. खानापूर आणि खानापुर दोन्हींची लांबी ७, तिथे डोळ्यांनीच पाहावं लागतं.

मूळ कॉलमवर थेट शोधा-बदला चालवू नये, अर्जावर काय होतं तेच पुसलं जातं. वेगळ्या शीटवर दोन कॉलम करावेत: पिव्होटमधून निघालेलं प्रत्येक रूप आणि त्याचं ठरवलेलं नाव. मग यादीत नवा कॉलम घालून व्हीलूकअप या तक्त्यात शोधून आणणाऱ्या फंक्शनने ठरवलेलं नाव आणावं. त्या सूत्रात शेवटच्या जागी फॉल्स द्यायला विसरू नये, नाहीतर जवळपासचं भलतंच गाव निमूटपणे येतं. फॉल्स दिलं की एखादं नवंच रूप आल्यावर एन/एची चूक दिसते, आणि ते रूप त्याच दिवशी तक्त्यात घालता येतं.