छऱ्याच्या बंदुकीचा वायसर आणि स्प्रिंग बदलताना

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये छऱ्याला स्प्रिंग शिवतसुद्धा नाही. नळी मोडून खाली दाबली की सिलिंडरमधला पिस्टन मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि पिस्टन खटक्यात अडकतो. चाप ओढला की तो सुटतो आणि समोरची हवा एका बारीक भोकातून छऱ्यामागे कोंबतो. सिलिंडरचा आतला व्यास २५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८० मिलिमीटर धरली तर ही हवा भरते सुमारे ३९ घन सेंटिमीटर. ऐंशी मिलिमीटरची ही धाव सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात संपते. एवढ्या वेळात हवेला पिस्टनच्या कडेने मागे निसटू न देणं हे वायसरचं, म्हणजे पिस्टनच्या तोंडावरच्या सीलचं काम. तो चामड्याचा असतो किंवा पॉलियुरेथेनचा.

बंदूक ढिली पडली की आपल्याकडे पहिला हात स्प्रिंगला जातो. बेळगावात उद्यमबाग, मच्छे भागात लेथ, स्प्रिंगवाले, हायड्रॉलिक सीलची दुकानं सगळं हाताशी, त्यामुळे ‘जरा जाड तारेची बसवून टाकू’ हा सल्लाही तयारच असतो. आधी दुखणं कुठलं ते पाहावं. नळी दाबायला पूर्वीपेक्षा हलकी जात असेल, बार टाकल्यावर आतून ‘टणण्’ असा झंकार येत असेल, तर स्प्रिंग बसली आहे, म्हणजे दबून आखूड होऊन तिचा जोर गेला आहे, किंवा तुटली आहे. स्प्रिंग बहुधा टोकाजवळच्या वेढ्यांत तुटते, आणि तुटल्यावरही बंदूक चालत राहते, म्हणून पुष्कळ दिवस कळत नाही. दाबायला जोर तेवढाच लागतोय पण छरा नेमाच्या खाली पडतोय, तर हवा गळते आहे. अशा वेळी सगळं खोलण्याआधी नळी जिथे मोडते त्या सांध्यावरची रबरी रिंग तपासावी. सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवून बार टाका. कागद उडाला तर गळती तिथेच आहे आणि काम चार रुपयांच्या रिंगेवर भागू शकतं.

रिंग ठीक असेल तर बंदूक खोलावी लागते. छरा काढलेला आणि पिस्टन सुटलेला आहे याची दोनदा खात्री करा. लाकडी दस्त्याचे पुढचे दोन आणि चापाजवळचे स्क्रू काढले की लोखंडी भाग वेगळा होतो. यापुढे खरी काळजी. स्प्रिंग बंदुकीत मोकळ्या लांबीपेक्षा साधारण ५० मिलिमीटर दबूनच बसवलेली असते. नेहमीच्या तीन मिलिमीटर तारेच्या स्प्रिंगला एवढं दाबायला २७ किलोच्या वजनाइतका जोर लागतो, आणि मागची टोपी किंवा चापाच्या पिना काढल्या की तो जोर तुमच्या छातीच्या दिशेने सुटतो. छातीशी टोपी दाबून धरणारे वीर पाहायला मिळतात. त्यांचं अनुकरण नको. सुतारांचा लांब सॅश क्लॅम्प घ्या, नळीच्या तोंडाला लाकडाचा ठोकळा लावा, मागच्या टोपीवर खाच पाडलेला दुसरा ठोकळा ठेवा आणि क्लॅम्पने किंचित भार द्या. मग पिना ठोकून काढाव्यात किंवा टोपीचे आटे सोडवावेत, आणि क्लॅम्प सावकाश उलटा फिरवत स्प्रिंग मोकळी होऊ द्यावी. क्लॅम्पचा पल्ला ५० मिलिमीटरपेक्षा बराच जास्त हवा, नाहीतर शेवटचा इंचभर प्रवास हवेत होतो.

स्प्रिंग निघाली की नळी दाबणारी दांडी पिस्टनच्या खाचेतून सोडवायची. काही बंदुकांत त्यासाठी नळीचा मुख्य बोल्टही काढावा लागतो. पिस्टन बाहेर आला की वायसर बघा. कडा जळून काळ्या पडल्या असतील तर आत तेल पेटत होतं. एका बाजूने चिरला असेल तर तो बसवतानाच चिरला गेला. मधोमध फाटून चपटा झाला असेल तर बिनछऱ्याचे बार टाकले गेले आहेत. छरा नसला की समोर हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट लोखंडावर आदळतो.

सिलिंडर काठीला फडकं गुंडाळून रॉकेलने पुसावा आणि मग कोरड्या फडक्याने पुन्हा पुन्हा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. त्यानंतर सिलिंडरच्या बाजूच्या लांबट खाचेवरून बोट न फिरवता कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर कड धारदार आहे. नवा वायसर आत जाताना तिथेच कापला जातो आणि दोष मात्र मालाला दिला जातो. बारीक कानशीने ही धार मारायची आणि निघालेला चुरा पूर्ण पुसायचा.

पॉलियुरेथेनचा नवा वायसर गरम पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवला की नरम होऊन पिस्टनच्या तोंडावर दाबून बसतो. त्याचा ओठ, म्हणजे हवा अडवणारी बाहेरची कड, सिलिंडरपेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटरने मोठा असावा. स्प्रिंग न घालता पिस्टन आत ढकलून बघा. हाताच्या जोराने सरकला पाहिजे, आणि पुढचं भोक बोटाने बंद केलं तर हवा दाबल्यासारखा परत उसळला पाहिजे. फार घट्ट असेल तर लेथवर फिरवत ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडाथोडा घासावा. चामड्याचा असेल तर मधल्या स्क्रूचं डोकं वायसरच्या पातळीखाली राहिलंच पाहिजे. हायड्रॉलिक जॅकचा सील त्याच मापाचा मिळतो म्हणून बसवायचा मोह टाळा. तो सावकाश सरकणाऱ्या, तेलात बुडालेल्या पिस्टनसाठी असतो. त्याचा ओठ कडक असतो, कोरड्यात घर्षण फार होतं आणि बंदुकीचा वेग वाढण्याऐवजी उतरतो.

आता स्प्रिंग. तिचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून तीनऐवजी ३.२ मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग २९ टक्के कडक होते. शिवाय ३० वेढ्यांची स्प्रिंग पूर्ण मिटली की तीन मिलिमीटर तारेत ९० मिलिमीटर होते आणि ३.२ मध्ये ९६. पिस्टन मागे अडकलेला असताना स्प्रिंगला मिळणारी जागा यापेक्षा चार-पाच मिलिमीटर तरी जास्त हवी, नाहीतर वेढे एकमेकांवर आपटतात आणि खटका लागतच नाही. वर सांगितलेल्या मापाची साधी स्प्रिंग एका बारात सुमारे ३९ ज्यूल देते. त्यातले जेमतेम १२ ज्यूल छऱ्याला मिळतात, म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला सुमारे २१९ मीटर वेगाने निघतो. जोर वाढवला की त्यातला बराचसा भाग आदळण्यात आणि थरथरीत जातो. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथली हवा किनाऱ्यापेक्षा अंदाजे आठ टक्के विरळ, म्हणजे पिस्टनसमोरची गादी मुळातच पातळ. मूळ मापाची स्प्रिंग हाच आमचा सल्ला. भारतात ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही, ही मर्यादाही जोर वाढवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. तुटलेल्या स्प्रिंगचं टोक गॅसवर तापवून सरळ करणं म्हणजे तारेचं पाणी, तिला मुद्दाम दिलेला कडकपणा, घालवणं. ती स्प्रिंग काही दिवसांत पुन्हा बसणार. बंदूक तासन्‌तास दाबून ठेवली तरी तेच होतं.

जोडताना ग्रीस मॉलिब्डेनमचं, आणि जागा पाहून. स्प्रिंगच्या आतल्या गाइडला, दोन्ही टोकांना आणि पिस्टनच्या मागच्या घेराला पातळ लेप चालतो. वायसरच्या कडेला बोटावर उरलेलं तेवढंच. वायसरच्या पुढे काहीही नको. हवा विसाव्या भागाइतकी दाबली गेली आणि उष्णता बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर गणिताने तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. उष्णता गळत असल्यामुळे प्रत्यक्षात ते कमी राहतं, तरी तेलाची वाफ पेटायला पुरतं. शेतातला डिझेल पंप चालतो तो याच तत्त्वावर. इंजिन ऑइल, शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, सगळी पेटतात. खोबरेल तर २४ अंशांच्या आसपास थिजतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी बंदूक वेगळी आणि दुपारी वेगळी वागते. चामड्याच्या वायसरला सिलिकॉन तेलाचे दोन थेंब द्यावेत. खानापूरच्या पावसाळ्यात गंज येतो म्हणून नळीला बाहेरून तेल लावणं योग्य, पण ते ओघळून भोकात जाणार नाही असं पुसून घ्या.

पिस्टन आत घालताना खाचेवरून वायसर सरकवायला पातळ प्लॅस्टिकची पट्टी मध्ये धरावी आणि तो पुढे गेला की ओढून घ्यावी. स्प्रिंग, गाइड, टोपी पुन्हा क्लॅम्पनेच बसवायची. पहिले दहा-वीस बार किंचित धूर येतो, तो थांबला पाहिजे. फटाक्यासारखा आवाज येत राहिला तर ग्रीस जास्त झालं आहे. पुन्हा खोलून पुसा.

वेगमापक असेल तर दहा बारांतला फरक सेकंदाला पाच मीटरच्या आत यावा. नसेल तर कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या एकाच दुकानातून घ्या, मागे मातीचा ढीग ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि दहा पावलांवरून छरा किती खोल रुततो ते काडी घालून मोजा. खोलण्याआधीचं माप लिहून ठेवलेलं असेल तरच याचा उपयोग. पन्नासेक बार झाले की दस्त्याचे स्क्रू पुन्हा आवळा, नव्या स्प्रिंगच्या थरथरीने ते हमखास सैल होतात.