लेसोथो : पाणी विकणारा डोंगराळ देश

आफ्रिकेत समुद्रकिनारा नसलेले सोळा देश आहेत. पण चारही बाजूंनी एकाच शेजाऱ्याने, म्हणजे दक्षिण आफ्रिकेने, वेढलेला त्यांतला लेसोथो हा एकटाच. या देशातील सर्वांत सखल जागाही समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा किंचित उंचच आहे, आणि थाबाना न्टलेन्याना हे शिखर ३,४८२ मीटरपर्यंत पोहोचते.

येथील उंच पठार बेसाल्टचे आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून ते घडले. सह्याद्रीचा काळा कातळही अशाच उद्रेकांतून, परंतु त्यानंतर बऱ्याच काळाने, तयार झाला. बेसाल्टखाली वालुकाश्म आहे. अशाच एका सपाट माथ्याच्या, कडे तुटलेल्या वालुकाश्मी डोंगरावर, थाबा बोसिऊ येथे, राजा मोश्वेश्वे पहिला याने १८२४ मध्ये ठाणे मांडले आणि विखुरलेल्या टोळ्यांना आश्रय देत बासोथो राष्ट्र उभे केले. बोअर म्हणजे डच वंशाच्या वसाहतवाल्यांशी झालेल्या लढायांत कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन मात्र हातची गेली. १८६८ मध्ये त्याने ब्रिटिशांचे संरक्षण पत्करले. स्वातंत्र्य १९६६ मध्ये मिळाले.

लागवडीयोग्य जमीन थोडी असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या येथील पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत मजुरीला जात राहिले. आज कापड उद्योग, लोकर, मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) आणि लेत्सेंगची हिऱ्याची खाण यांवर अर्थव्यवस्था चालते. पण खरे वैशिष्ट्य पाण्याचे. उन्हाळी पाऊस आणि हिवाळी बर्फ यांचे पाणी डोंगरमाथ्यावरच्या पाणथळ जागा धरून ठेवतात व सावकाश नद्यांत सोडतात. दक्षिण आफ्रिकेशी झालेल्या १९८६ च्या करारानुसार बांधलेल्या १८५ मीटर उंच कात्से धरणातील पाणी बोगद्यातून, पंपाविना, केवळ उताराने मुएला वीजगृहापर्यंत येते आणि तेथून जोहान्सबर्ग परिसराकडे जाते. त्याचे स्वामित्वशुल्क सरकारला मिळते. धरणाखाली कुरणे आणि शेते गेलेल्या कुटुंबांना मात्र हा व्यवहार तितका लाभाचा वाटला नसावा.

थंडीमुळे जाड लोकरीचे ब्लँकेट हा येथील नित्याचा पोशाख आहे. पुरुष ते उजव्या खांद्यावर पिनेने अडकवतात, स्त्रिया छातीशी. त्यावरचे पट्टे उभे राहतील अशा बेताने ते पांघरतात आणि त्यावर विणलेले मक्याचे कणीस सुफलतेची खूण मानली जाते. असे ब्लँकेट पांघरून, लहान चणीच्या पण काटक बासोथो घोड्यावर बसून मेंढ्या राखणारे गुराखी डोंगरवाटांवर आजही दिसतात; पक्क्या सडकेपासून दूरच्या गावांत ये-जा करायला आजही घोडा हेच भरवशाचे साधन आहे.