कन्व्हर्जन रेट : विक्रीचे मापन आणि पुरेशी आकडेवारी

संकेतस्थळावर आलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी किती जणांनी खरेदी केली, ते सांगणारे प्रमाण म्हणजे कन्व्हर्जन रेट. ऑर्डरींच्या संख्येला भेट देणाऱ्यांच्या संख्येने भागून शंभराने गुणले की तो मिळतो. सूत्र शाळकरी आहे. घोटाळा होतो तो थोड्या आकड्यांवर मोठे निष्कर्ष काढल्याने.

समजा, नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या एका पैठणी विक्रेत्याच्या संकेतस्थळावर 100 जण आले आणि दोघांनी साडी घेतली. दर 2 टक्के दिसतो. पण 95 टक्के विश्वासपातळी धरली (म्हणजे असे शंभर अंदाज बांधले तर त्यांतले सुमारे 95 बरोबर ठरावेत), तर खरा दर साधारण 0.5 ते 7 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. 1,000 जणांत 20 ऑर्डरी आल्या तर हा पट्टा 1.3 ते 3.1 टक्के होतो, 10,000 जणांत 200 आल्या तर 1.7 ते 2.3. (हे पट्टे संख्याशास्त्रज्ञ एडविन विल्सन यांनी 1927 मध्ये मांडलेल्या सूत्राने काढले आहेत.) भेटी दहापट वाढल्या तरी अनिश्चितता सुमारे तिपटीनेच घटते, कारण ती संख्येच्या वर्गमुळावर अवलंबून असते. एकही ऑर्डर न येणे हीसुद्धा माहितीच: 300 जणांत शून्य विक्री झाली, तर दर 1 टक्क्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता कमी.

पानाचे दोन नमुने एकाच वेळी चालवून तुलना करतात, तिला ए-बी चाचणी म्हणतात. 2 टक्क्यांचा दर 2.5 झाला का, हे नेहमीच्या निकषांनी ठरवायला प्रत्येक नमुन्याला सुमारे 14 हजार व्यक्ती लागतात, 2.2 झाला का हे पाहायचे तर सुमारे 80 हजार. महिन्याला दोन-तीन हजार भेटी असलेल्या दुकानाने बटणाच्या रंगाची चाचणी घेणे म्हणूनच वेळेचा अपव्यय. रोज निकाल उघडून बघणे आणि आवडता आकडा दिसताच चाचणी थांबवणे तर त्याहून वाईट. त्याने खोटे विजेते, म्हणजे केवळ योगायोगाने सरस दिसणारे नमुने, वाढतात.

मोजायचे काय, हेही आधी ठरवावे लागते. पैठणी एका भेटीत क्वचितच ठरते. घरातल्यांना दाखवून, दोन-चारदा पाहून मग ती घेतली जाते, त्यामुळे भेटींऐवजी व्यक्ती मोजणे योग्य. अर्थात तीच व्यक्ती मोबाइल आणि संगणक दोन्हींवरून आली तर दोनदा मोजली जातेच. अनेक गिऱ्हाइके साडी संकेतस्थळावर पाहतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून मागवतात; ही विक्री संकेतस्थळाच्या हिशेबात येतच नाही. उलट कॅश ऑन डिलिव्हरीची परत आलेली पार्सले दर फुगवतात. बॉटच्या, म्हणजे माणसांऐवजी आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या, भेटी वगळल्या नाहीत तर भाजक फुगून दर विनाकारण पडतो.

हंगामाचा प्रश्न भेटी वाढवून सुटत नाही. मनुके, चिवडा किंवा पैठणी विकणाऱ्याचा दिवाळीतला आणि लग्नसराईतला दर आषाढातल्या दरापेक्षा वेगळा असणारच, म्हणून तुलना गेल्या वर्षीच्या त्याच काळाशी करतात. त्र्यंबकेश्वरच्या निवासव्यवस्थांना तर तेही पुरत नाही: 2015 च्या सिंहस्थासारख्या वर्षात भेटींचा आकडा कितीही मोठा असला, तरी त्यावरून एरवीच्या श्रावणातल्या बुकिंगचा अंदाज बांधता येत नाही.