एक्झिट पोलमध्ये मोजतात काय? मतांची टक्केवारी आणि जागांचा आकडा

१ जून २०२४ ला लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं आणि वाहिन्यांच्या एक्झिट पोलमध्ये एनडीएला साडेतीनशेच्या पुढे जागा झळकू लागल्या. ४ जूनला एनडीए २९३ वर थांबली. सर्व्हे फसले, अशी मग ओरड झाली. पण सर्व्हेत जागा मोजलेल्याच नसतात, हे कुणी प्रेक्षकांना सांगितलं नाही. ही चूक मला अंदाज हुकण्यापेक्षा मोठी वाटते.

मत देऊन आलेल्याला विचारतात, मत कुणाला दिलंत? त्यातून हाती लागते मतांची टक्केवारी. नीट यादृच्छिक, म्हणजे प्रत्येकाला सारखी संधी देऊन, निवडलेल्या हजार जणांच्या नमुन्यात साधारण तीन टक्के कमी-जास्त धरावे लागतात, आणि तेही एका पक्षाच्या आकड्यापुरते. दोन पक्षांतल्या फरकाला ही चूक-मर्यादा जवळपास दुप्पट होते. म्हणजे ४३ विरुद्ध ४० आले, तर पुढे कोण हे ठामपणे सांगता येत नाही. मथळ्यात मात्र ‘आघाडी’ छापून येतेच.

जागा हा त्यानंतरचा हिशेब. मागच्या वेळचे मतदारसंघवार निकाल घ्यायचे, त्यांत नवा कल मिसळायचा, युती आणि बंडखोरीबद्दल काही गृहीत धरायचं. गृहीतक बदललं, की त्याच मतांतून वेगळ्या जागा निघतात.

हे किती नाजूक असतं बघा. भाजपची देशभरातली मतं २०१९ मध्ये ३७.४ टक्के होती, २०२४ मध्ये ३६.६. घट एक टक्काही नाही, पण जागा ३०३ वरून २४० वर आल्या. महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती दोघांनाही ४३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. जागा ३० आणि १७. मुंबई उत्तर पश्चिममध्ये महायुतीच्या रवींद्र वायकरांना ४,५२,६४४ मतं, महाविकास आघाडीच्या अमोल कीर्तिकरांना ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा. तो कुठल्याच नमुन्यात सापडणार नाही.

आणि ‘३६१ ते ४०१’ अशी जागांची रेंज दिसली, तर ती वरची तीन टक्क्यांची चूक-मर्यादा समजू नका. जागांची रेंज संस्थेच्या गृहीतकांवर उभी असते. म्हणून ती गृहीतकं आणि मतांची टक्केवारी जागांच्या आधी पडद्यावर यायला हवीत, आणि नमुना कसा निवडला हेही त्यांच्याच शेजारी.